स्टोअर्ड प्रोसीजरमधला डेटा ॲपमध्ये नीट कसा आणायचा

ऐरोली ते महापे ह्या पट्ट्यात ज्यांनी नोकरी केलीय त्यांना माहितीय, नवीन प्रोजेक्ट म्हणून जे हातात येतं ते बऱ्याचदा जुनंच असतं, कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेल्या ढीगभर स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला, नावाने बोलावता येणारा एसक्यूएल कोड) आणि त्यांच्यावर उभं असलेलं एक ॲप, आणि पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो की मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हरवर क्वेरी चालवायच्या टूलमध्ये) चालवलं की रो, म्हणजे डेटाच्या ओळी, दिसतात, ॲपमध्ये काहीच येत नाही, असं का? हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकते. कोडमधले शब्दही मी देवनागरीतच लिहितेय, एडिटरमध्ये टाइप करताना अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने करा.

उदाहरण वाशीच्या एपीएमसीतलं घेऊ, कांदा-बटाटा मार्केटमधला एखादा गाळा. शेतकऱ्याचा माल आला, विकला गेला, की त्याला हिशेबपट्टी द्यायची असते. पट्टीत वर शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर, तारीख. मधे मालाच्या ओळी, किती गोणी, किती वजन, काय भाव. खाली खर्च, म्हणजे हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं, आणि हे सगळं वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. पट्टी क्रमांक दिला की हे सगळं एका प्रोसीजरने ॲपला द्यायचंय, एवढंच काम. पण ह्या एवढ्याशा कामात जवळजवळ सगळे खड्डे येतात, म्हणून हेच घेतलंय.

कोड लिहायच्या आधी एक ठरवा: काय बाहेर जाणार आणि कुठल्या वाटेने जाणार. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वाटा तीन आहेत. साधा सिलेक्ट लिहिला की त्याचा रिझल्ट सेट, म्हणजे त्यातून आलेल्या सगळ्या रोंचा संच, थेट ॲपकडे जातो, वेगळं काही करावं लागत नाही. दुसरी वाट आउटपुट पॅरामीटर, एकेकटी व्हॅल्यू द्यायची असेल तर. तिसरी रिटर्न, आणि ही फक्त इंटिजर, म्हणजे पूर्णांक, देते. हे तिसरं नीट लक्षात ठेवा कारण लोक रिटर्नमधून रक्कम पाठवायचा प्रयत्न करतात, १२३४.५० रिटर्न केलं की समोर १२३४ येतं, पन्नास पैसे गेले आणि एररही नाही. रिटर्न हा फक्त स्टेटससाठी ठेवा, ० म्हणजे ठीक, बाकी तुमचे ठरलेले कोड. पट्टीची वरची माहिती, मालाच्या ओळी आणि खर्चाच्या ओळी अशा तीन रिझल्ट सेटने, निव्वळ रक्कम आउटपुट पॅरामीटरने, आणि पट्टीच सापडली नाही तर रिटर्न कोड किंवा सरळ थ्रो, म्हणजे एरर फेकायची. एकदा ठरलं की ते प्रोसीजरच्या वर कॉमेंटमध्ये लिहा, कुठला रिझल्ट सेट कितवा, त्यात कुठले कॉलम, कुठल्या टाइपचे. ही कॉमेंट म्हणजे डेटाबेसवाल्यांचा आणि ॲपवाल्यांचा करार आहे असं समजा, आणि तो मोडायचा असेल तर दोघांना विचारूनच मोडा.

आता प्रोसीजरच्या पहिल्या ओळीत सेट नोकाउंट ऑन लिहा. सवयच लावा. कारण असं की प्रोसीजरच्या आत तुम्ही एखादा इन्सर्ट किंवा अपडेट केला, समजा टेम्प टेबलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या टेबलात, खर्च गोळा केला, की सर्व्हर प्रत्येक वेळी "इतक्या रो अफेक्टेड" असा निरोप क्लायंटला पाठवतो, आणि काही ड्रायव्हर (ॲपला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररी) ह्या निरोपालाच पहिला रिझल्ट समजतात. पायथनमध्ये पायओडीबीसी वापरत असाल तर "नो रिझल्ट्स, प्रीव्हियस एसक्यूएल वॉज नॉट अ क्वेरी" ही एरर याच कारणाने येते. जावात जेडीबीसीच्या एक्झिक्यूटक्वेरीने प्रोसीजर चालवली की "स्टेटमेंट डिड नॉट रिटर्न अ रिझल्ट सेट" येतं तेही बहुतेक वेळा हेच. डॉटनेटचा रीडर हे निरोप स्वतःच ओलांडून पुढे जातो, म्हणून डॉटनेटवाल्यांना हा त्रास जाणवत नाही आणि मग तीच प्रोसीजर पायथनवाल्याने वापरायला घेतली की बंद पडते आणि दोन टीममध्ये वाद सुरू होतो. स्टुडिओत दिसतं आणि ॲपमध्ये नाही, ह्या प्रश्नाचं उत्तर निम्म्या वेळा ह्या एका ओळीत असतं. फक्त एक लक्षात ठेवा, नोकाउंट ऑन केल्यावर डॉटनेटमध्ये एक्झिक्यूटनॉनक्वेरी -१ देतं, तेव्हा किती रो बदलल्या हे त्याच्यावरून ठरवणारं कोड असेल तर ते आधी शोधा, नाहीतर तिकडे मोडेल. तो आकडा हवाच असेल तर रोकाउंट आउटपुट पॅरामीटरमध्ये घालून द्या.

मग सिलेक्ट. सिलेक्ट स्टार कधीही नको, कॉलमची नावं लिहा, आणि हिशेब करून आलेल्या प्रत्येक कॉलमला एझ लावून नाव द्या. वजन गुणिले भाव असा कॉलम बिननावाचा गेला की ॲपवाला तो नंबरने वाचतो, चौथा कॉलम, पाचवा कॉलम, आणि उद्या कुणी मधे एक कॉलम घातला की गोणींच्या जागी भाव छापला जातो. ऑर्डर बायसुद्धा प्रोसीजरमध्येच लिहा, ऑर्डर बाय नसताना रो ह्याच क्रमाने येतील अशी कुठलीही हमी डेटाबेस देत नाही, महिनाभर आल्या म्हणून उद्या येतील असं नाही.

आणि इफ-एल्समध्ये वेगवेगळ्या आकाराचे सिलेक्ट टाकू नका. कांद्याला तीन कॉलम, बटाट्याला पाच, असं केलं की कॉल करणाऱ्याला आधी कळतच नाही काय येणार. पट्टीत खर्चच नसेल तरी खर्चाचा रिझल्ट सेट जायला हवा, शून्य रोचा का असेना पण कॉलमसकट. तो सेटच गाळला तर पुढचे सगळे सेट एकेक जागा वर सरकतात आणि ॲप भलत्याच गोष्टीला खर्च समजतं. प्रोसीजर नक्की काय देते ते बघायला एसपी डिस्क्राइब फर्स्ट रिझल्ट सेट आहे, २०१२ पासून, नावाप्रमाणे फक्त पहिला सेट सांगते, आणि आत टेम्प टेबल असेल तर तिला सांगता येत नाही. २०१२ मध्येच विथ रिझल्ट सेट्स आलं, म्हणजे कॉल करतानाच कॉलमची नावं आणि टाइप ठोकून द्यायचे. जुन्या प्रोसीजरला हात लावायची परवानगी नसेल तेव्हा हे फार कामी येतं.

आता ॲपच्या बाजूला येऊ, खरी गडबड इथे जास्त होते. डॉटनेटमध्ये कमांडटाइप स्टोअर्डप्रोसीजर करा, पॅरामीटर नावाने द्या, एक्झिक्यूटरीडर करा. पहिला सेट रीडने वाचून संपला की नेक्स्टरिझल्ट, मग दुसरा, परत नेक्स्टरिझल्ट, मग तिसरा. डॅपर (डॉटनेटची छोटी डेटाबेस लायब्ररी) असेल तर क्वेरीमल्टिपल, आणि मग ज्या क्रमाने सिलेक्ट लिहिलेत त्याच क्रमाने रीड. एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये (रो थेट क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे एंटिटीत, आणणारी डॉटनेटची लायब्ररी) फ्रॉमएसक्यूएलरॉ ने प्रोसीजर चालवता येते पण एंटिटीतल्या सगळ्या प्रॉपर्टींचे कॉलम आले पाहिजेत, आणि त्याच्यावर पुढे व्हेअर किंवा इन्क्लूड लावता येत नाही, कारण प्रोसीजरच्या कॉलभोवती तो दुसरी क्वेरी गुंडाळू शकत नाही. आधी लिस्टमध्ये आणा, मग काय गाळायचं ते गाळा. अनेक सेट असतील तर मी सरळ डॅपर किंवा साधा रीडरच वापरते.

ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते: शेवटपर्यंत वाचा. दोन कारणं आहेत. एक, आउटपुट पॅरामीटर आणि रिटर्न व्हॅल्यू सर्व्हर सगळ्यात शेवटी पाठवतो, सगळे रिझल्ट सेट गेल्यावर. रीडर उघडा असताना निव्वळ रकमेचा पॅरामीटर वाचायला गेलात की हाताशी काही लागत नाही, आणि माणूस प्रोसीजरमध्ये तासन्‌तास चूक शोधत बसतो, जिथे चूक नाहीचे. रीडर बंद करा, मग पॅरामीटर वाचा. दुसरं कारण जास्त गंभीर. समजा तिसऱ्या सिलेक्टमध्ये गोणीमागे खर्च काढताना भागाकार आहे आणि एका पट्टीत गोणी ० टाकल्यात, लूज माल आला म्हणून. पहिले दोन सेट व्यवस्थित आले, तिसऱ्यात डिव्हाइड बाय झिरो. तुमच्या कोडने दोनच सेट वाचून काम थांबवलं असेल तर ही एरर तुमच्यापर्यंत पोचेलच ह्याची खात्री नाही, कारण एरर त्या सेटच्या जागीच वाट बघत असते. एक्झिक्यूटस्केलरचंही तसंच, तो पहिल्या रोचा पहिला कॉलम घेतो आणि निघतो, मागे काय जळतंय ते बघत नाही. पट्टी छापली जाते, खर्च दिसतच नाही, शेतकऱ्याला आकडा वेगळाच जातो. म्हणून नेक्स्टरिझल्ट फॉल्स देईपर्यंत लूप चालवा, तुम्हाला पुढचे सेट नको असले तरी.

जावात हेच जरा वेगळ्या पद्धतीने करायचं, कॉलेबलस्टेटमेंट घ्या, एक्झिक्यूट करा, मग गेटमोअररिझल्ट्स फॉल्स आणि त्याच वेळी गेटअपडेटकाउंट -१, दोन्ही खरं होईपर्यंत फिरत राहा. नुसत्या फॉल्सवर थांबलात तर मधे एखादा अपडेट काउंट असला की पुढचे सेट राहून जातात. पायओडीबीसीत नेक्स्टसेट आहे, आणि प्रोसीजर आत इन्सर्ट करत असेल तर कमिटही (बदल कायम करणं) तुम्हालाच करायचंय, ऑटोकमिट मुळात बंद असतो.

आउटपुट पॅरामीटरबद्दल अजून थोडं, कारण पैशाचा मामला आहे. डेसिमल आउटपुट पॅरामीटर बनवताना डॉटनेटमध्ये प्रिसिजन (एकूण अंक किती) आणि स्केल (दशांशानंतर किती) स्वतः सेट करा. स्केल दिलं नाही तर ० धरलं जातं आणि दशांश उडतो, प्रोसीजर १८,४७२.७५ काढते आणि स्क्रीनवर पैसे गायब. व्हारचार आउटपुटला साइज द्यावीच लागते, नाहीतर "इनव्हॅलिड साइज ऑफ ०" म्हणून एरर येते, ती बरी, निदान ओरडते तरी. डेसिमलवाली ओरडत नाही. आणि एका प्रोसीजरमधून दुसरी कॉल करताना आउटपुट हा शब्द दोन्हीकडे लागतो, व्याख्येतही आणि एक्झेकच्या ओळीतही, तिथे विसरलात तर व्हेरिएबल नल राहतं, चूपचाप.

नवीन पट्टी सेव्ह केल्यावर तिचा आयडी परत द्यायचा असेल तर स्कोप आयडेंटिटी वापरा, डबल ॲट आयडेंटिटी नको, कारण टेबलवर ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) असला आणि तो दुसऱ्या कुठल्या टेबलात लिहीत असला तर त्या टेबलाचा आयडी हातात पडतो. स्कोप आयडेंटिटीचा टाइप न्यूमरिक असतो, म्हणून एक्झिक्यूटस्केलरने घेऊन थेट इंटमध्ये कास्ट केलं की डॉटनेट एरर फेकतो, प्रोसीजरमध्येच इंटमध्ये कास्ट करून पाठवा. शिवाय एक्झिक्यूटस्केलरला रोच मिळाली नाही तर नल येतं आणि रो आहे पण व्हॅल्यू नल आहे तर डीबीनल येतं, हे दोन वेगळे आहेत, दोन्ही तपासा.

हल्ली बरेच जण म्हणतात तीन सेट कशाला, फॉर जेसन लावू आणि एकच जेसन, म्हणजे सगळा डेटा एका मजकुरात बांधून, पाठवू. चालतं, २०१६ पासून आहे, एपीआयसाठी सोयीचंही आहे. पण मोठं जेसन थेट सिलेक्ट फॉर जेसनने पाठवलं तर ते साधारण २०३३ कॅरेक्टरचे तुकडे होऊन अनेक रोंमध्ये येतं, आणि पहिलीच रो वाचली की जेसन मधेच तुटलेलं. छोट्या पट्टीला चालतं, मोठ्या पट्टीला मोडतं, असला बग टेस्टिंगमध्ये सापडत नाही. आधी एनव्हारचार मॅक्स व्हेरिएबलमध्ये घ्या मग तो व्हेरिएबल सिलेक्ट करा, किंवा ॲपमध्ये सगळ्या रो जोडा.

एका प्रोसीजरचा रिझल्ट दुसऱ्या प्रोसीजरमध्ये हवा असेल तर इन्सर्ट एक्झेक आहे, पण ते नेस्ट होत नाही, आतल्या प्रोसीजरमध्येही इन्सर्ट एक्झेक असेल तर एरर. त्यापेक्षा बाहेरच्या प्रोसीजरमध्ये टेम्प टेबल बनवा, आतल्या प्रोसीजरला ते दिसतं, तिने त्यात भरावं.

इथपर्यंत सगळं एसक्यूएल सर्व्हरचं झालं, आता दुसरे डेटाबेस. ओरॅकलवर गेलात की पहिलाच धक्का बसतो, प्रोसीजरमध्ये नुसता सिलेक्ट लिहिता येत नाही. पीएलएस-००४२८ येतो, इन्टू क्लॉज लागतो म्हणून. बँका आणि इन्शुरन्सच्या प्रोजेक्टवर बदलून गेलेले एसक्यूएल सर्व्हरवाले इथे हमखास अडकतात. इथे एक आउट पॅरामीटर घ्यायचा, टाइप सिस रेफकर्सर, आणि आत ओपन अमुक फॉर सिलेक्ट. पट्टीला तीन सेट हवेत तर तीन कर्सर पॅरामीटर, आणि मला तर हे जास्त आवडतं, कारण प्रत्येकाला नाव असतं, पहिला-दुसरा मोजत बसावं लागत नाही. जावातून रजिस्टरआउटपॅरामीटर करताना टाइप रेफ कर्सर द्या, चालवा, मग तो ऑब्जेक्ट रिझल्टसेट म्हणून घ्या. ओरॅकलच्या १२सी व्हर्जनपासून डीबीएमएस एसक्यूएलचं रिटर्न रिझल्टही आहे, एसक्यूएल सर्व्हरसारखा थेट रिझल्ट जातो, जुनं ॲप ओरॅकलवर आणताना उपयोगाचं, नवीन लिहिताना कर्सरच घ्या.

रेफ कर्सर म्हणजे डेटा नाही, डेटाकडे जाणारा पॉइंटर. तो उघडा राहतो, तुम्ही बंद करेपर्यंत. फायनलीमध्ये किंवा ट्राय विथ रिसोर्सेसमध्ये रिझल्टसेट बंद केला नाही तर टेस्टिंगला सगळं छान आणि लोड आला की ओआरए-०१०००, मॅक्सिमम ओपन कर्सर्स एक्सीडेड. ओपन कर्सर्सचा डिफॉल्ट ५० आहे, बरेच डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) तो वाढवून ठेवतात, आणि एरर आली की अजून वाढवा म्हणून मेल जातो. वाढवू नका, कोडमध्ये कुठे बंद करायचं राहिलंय ते शोधा. दुसरं, ओरॅकलच्या जेडीबीसी ड्रायव्हरची फेच साइज डिफॉल्ट १० असते, म्हणजे दहा-दहा रो आणत फिरतो, महिन्याच्या आवकेचा रिपोर्ट असेल तर ती काही शेकड्यांवर न्या, फरक डोळ्यांना दिसेल. आणि कर्सर उघडला त्या क्षणीचाच डेटा त्यात दिसतो, नंतर कुणी भाव बदलून कमिट केला तरी तुमच्या पट्टीत जुनाच येणार, हे बरोबरच आहे, बग नाही.

पोस्टग्रेसमध्ये रो परत द्यायच्या तर प्रोसीजर नाही, फंक्शन लिहा. खरी प्रोसीजर तिथे व्हर्जन ११ मध्ये, म्हणजे २०१८ ला आली, कॉलने चालते, ट्रान्झॅक्शन आत कमिट करता येतं, पण रो द्यायला ती बनलेली नाही, इनआउट पॅरामीटरने एकेक व्हॅल्यू देते आणि नुसता आउट पॅरामीटर १४ पासून. फंक्शनला रिटर्न्स टेबल लिहून कॉलम द्या, आत रिटर्न क्वेरी सिलेक्ट, आणि ॲपमधून सिलेक्ट स्टार फ्रॉम फंक्शन, साध्या टेबलासारखं. आत नुसता सिलेक्ट टाकला तर "क्वेरी हॅज नो डेस्टिनेशन फॉर रिझल्ट डेटा". टाइप अगदी तंतोतंत लागतात, टेबलात व्हारचार आणि तुम्ही टेक्स्ट लिहिलंत तरी फंक्शन चालवताना नाकारतो. रिटर्न्स टेबलमधली कॉलमची नावं आत व्हेरिएबल होतात, म्हणून तेच नाव टेबलात असलं की "कॉलम रेफरन्स इज ॲम्बिग्युअस", प्रत्येक कॉलमला टेबलाचं टोपणनाव लावा. पुढे एक कॉलम वाढवायचा झाला तर क्रिएट ऑर रिप्लेस चालणार नाही, आधी ड्रॉप. एकापेक्षा जास्त सेट हवेत तर रेफकर्सर आहेत पण ते ट्रान्झॅक्शन संपलं की मरतात, ऑटोकमिट बंद करून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये फेच करावं लागतं, मी तरी तीन वेगळी फंक्शन करते. डॉटनेटवाल्यांनी आणखी एक बघा, एनपीजीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा डॉटनेट ड्रायव्हर) ७ पासून कमांडटाइप स्टोअर्डप्रोसीजर हा कॉल पाठवतो, आधी फंक्शनसाठी सिलेक्ट पाठवायचा, पॅकेज अपग्रेड केल्यावर सगळं मोडलं तर कारण हे.

मायएसक्यूएलमध्ये सिलेक्ट थेट बाहेर जातो, ५.० पासून, अनेक सेटही जातात. पण कॉल केल्यावर तुमच्या सेटच्या मागे एक स्टेटसचा रिझल्ट येतो, तो वाचून संपवला नाही आणि त्याच कनेक्शनवर पुढची क्वेरी टाकली की एरर २०१४, कमांड्स आउट ऑफ सिंक. पीएचपीत मायएसक्यूएलआयला नेक्स्ट रिझल्ट, पीडीओला नेक्स्टरोसेट किंवा क्लोजकर्सर. पायथनच्या कनेक्टरमध्ये कॉलप्रॉक केल्यावर स्टोअर्ड रिझल्ट्सवर लूप.

मायएसक्यूएलचा एक खड्डा मात्र सगळ्यांनी समजून घ्या. पॅरामीटरचं नाव पट्टी_आयडी आणि कॉलमचं नावही पट्टी_आयडी, आणि आत व्हेअर पट्टी_आयडी = पट्टी_आयडी. मायएसक्यूएल दोन्ही बाजूंना पॅरामीटरच धरतो, अट कायम खरी, आणि एका पट्टीऐवजी गाळ्याच्या सगळ्या पट्ट्या बाहेर. ओरॅकल उलटं करतो, दोन्ही बाजूंना कॉलम धरतो, निकाल तोच. हाच प्रकार अपडेटमध्ये झाला तर सगळ्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या एका फटक्यात बदलतील. पोस्टग्रेस एरर देऊन वाचवतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ॲट चिन्ह असल्यामुळे प्रश्नच येत नाही. पॅरामीटरला पुढे पी_ लावायची सवय ठेवा, सगळ्या डेटाबेसवर.

झालं की तपासताना नेहमीची एक चांगली पट्टी घेऊन थांबू नका. अस्तित्वात नसलेला पट्टी क्रमांक द्या, बिनखर्चाची पट्टी द्या, गोणी ० असलेली द्या, निव्वळ रकमेत रुपयांपुढे पैसेही येतील अशी द्या, आणि एक इतकी लांबलचक पट्टी द्या की जेसनचे तुकडे होतील. हे सगळं ॲपच्या लॉगिनने चालवा, तुमच्या ॲडमिन लॉगिनने नाही, कारण ॲपच्या लॉगिनला सहसा फक्त एक्झिक्यूटची परवानगी असते, ती प्रोसीजरमधल्या साध्या सिलेक्टला पुरते पण आत डायनॅमिक एसक्यूएल (चालताना जुळवून बनवलेली क्वेरी) असेल तर टेबलाची वेगळी परवानगी लागते आणि तिथे तो अडतो. मग तोच कॉल एकाच कनेक्शनवरून लागोपाठ शे-दोनशे वेळा लूपमध्ये मारा, उघडे राहिलेले कर्सर आणि अर्धवट वाचलेले रिझल्ट तिथे लगेच बाहेर येतात.